हायडन: पांढरे मोजे घालून नोकरी करणारा माणूस आणि युरोपचं संगीत

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

मागे बेथोव्हनच्या धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं होतं, "हायडन म्हणजे मोझार्टच्या आधीचा, जरा कंटाळवाणा." तेव्हाच हात शिवशिवले होते, पण तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो. आता दोन दिवस सुट्टी आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढतो. जिलबी (उगाच पाडलेला धागा) वाटली तर सांगा.

योझेफ हायडन, संगीतकार, जन्म १७३२. ऑस्ट्रियातलं रोहराऊ नावाचं खेडं. वडील गाड्यांची चाकं करायचे, आई गावच्या जहागीरदाराच्या वाड्यावर स्वयंपाकाला. आवाज गोड, म्हणून आठव्या वर्षी पोरगं व्हिएन्नाला सेंट स्टीफनच्या चर्चमध्ये गायला गेलं. आवाज फुटल्यावर चर्चने बाहेरचा रस्ता दाखवला. मग शिकवण्या, कुणाच्या मागे साथीला बसणं, रस्त्यावर रात्री वाजवणं, असली आठ-दहा वर्षं.

१ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या बड्या हंगेरियन सरदार घराण्याशी त्याचा नोकरीचा करार झाला. हा करार आजही उपलब्ध आहे आणि मुळातून वाचण्यासारखा आहे. हुद्दा उप-कपेलमाइस्टर, म्हणजे दरबारी संगीताचा दुय्यम प्रमुख. पगार वर्षाला ४०० गुल्डन. पाहुण्यांसमोर वाजवताना पांढरे मोजे, पांढरे स्वच्छ कपडे, केसांना पावडर, मागे वेणी किंवा केसांची पिशवी. रोज दुपारच्या आधी आणि नंतर मालकांच्या खोलीबाहेर हजर राहून 'आज संगीत हवं का' याचा हुकूम घ्यायचा. वादकांची भांडणं मिटवायची, वाद्यांची निगा राखायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: जे लिहाल ते मालकांचं. नक्कल बाहेर द्यायची नाही, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी लिहायचं नाही. (आयटीवाल्यांना हे कलम ओळखीचं वाटेल.)

पुढच्याच वर्षी प्रिन्स निकोलाउस गादीवर आला आणि दलदलीच्या मुलखात एक अवाढव्य महाल बांधायला घेतला. एस्टरहाझा. आज ते ठिकाण हंगेरीत फेर्तोद या गावात आहे. महालात ऑपेरा हाउस, कळसूत्री बाहुल्यांचं वेगळं थिएटर, सगळं होतं. नव्हती ती फक्त आसपास माणसं. हायडनच्या उमेदीची वर्षं तिथे गेली.

म्हातारपणी त्याने ग्रीसिंगर या चरित्रकाराला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: माझा मालक खूश होता, वाद्यवृंद माझ्या हाताखाली होता, त्यामुळे काय केल्याने परिणाम होतो आणि काय केल्याने तो बिघडतो हे मला करून बघता यायचं. जगापासून तुटलो होतो, बुद्धिभेद करायला जवळ कुणी नव्हतं, त्यामुळे मला स्वतंत्र होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. युरोपच्या संगीताला ज्याने सगळ्यात खोलवर वळण लावलं तो हा सिम्फनीचा (म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या, काही भागांच्या मोठ्या रचनेचा) जनक. मोझार्ट आणि बेथोव्हन त्याच्या अंगणात खेळले. आणि हे घडलं ते नोकरीमुळे, नोकरी असूनही नव्हे. सकाळी लिहिलेलं दुपारी वाजवून बघता येतंय, पटलं नाही तर खोडता येतंय, आणि हे अठ्ठावीस-तीस वर्षं, अशी चैन त्या काळात दुसऱ्या कुणाला होती?

आपल्या कानांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती कळायला फार वर्षं लागली. आपल्याकडे तंबोरा लागला की सा तिथेच. मैफल संपेपर्यंत सगळं त्या साशी असलेल्या नात्यावर चालतं. हायडनच्या पद्धतीत सा स्वतःच घर सोडून निघतो. पहिल्या पाच मिनिटांत तो पंचमावर बिऱ्हाड थाटतो, मग मधल्या भागात दारोदार फिरतो, आणि शेवटी जेव्हा मूळ घरी येतो तेव्हा जी सुटका वाटते, तिच्यासाठी तो सगळा खटाटोप. मी सुरुवातीला फक्त 'चाल' ऐकायचो आणि म्हणायचो, यात आहे काय? चाल साधीच असते. मौज घर सोडण्याची आणि परत येण्याची आहे.

चर्चा होऊ द्या.

आळशी_उंट

वाखूसा (वाचनखूण साठवली). पांढऱ्या मोज्यांचं वाचून आमच्या पहिल्या कंपनीतला टायचा नियम आठवला.

एक शंका. पंचमावर जाणं हे ऐकताना ओळखायचं कसं? मला सगळंच सारखं लागतं.

मंद्रसप्तक

@आळशी_उंट, ओळखायला जाऊ नका. तुकडा अर्ध्यावर बंद करून बघा. पहिला भाग संपतो तिथे थांबवलंत तर वाक्य पूर्ण झालेलं असतं, पण 'आता निघूया' असं वाटत नाही. पाहुणे दारात चपला घालून पुन्हा बोलत उभे राहतात तसं. शेवटाला थांबवलंत की खरंच निघालेले असतात.

रविवारची_मिसळ

लेख छान, पण "सिम्फनीचा जनक" हे खोडा. हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य आहे. हायडनच्या आधी मिलानमध्ये साम्मार्तिनी १७३०-४० च्या दशकांत सिम्फनी लिहीत होता. मानहाइमच्या दरबारात योहान श्टामिट्झने सगळा वाद्यवृंद हळूहळू आवाज चढवत नेण्याची युक्ती इतकी पक्की केली होती की ती युरोपभर त्या गावाच्या नावाने ओळखली गेली. आणि हायडनने स्वतःच कबूल केलंय की बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याच्या रचना त्याने घासून घासून अभ्यासल्या. जनक वगैरे काही नाही. वाहती गंगा होती, त्यात यानेही हात धुतले.

आणि "सगळ्यात खोलवर वळण" हे तर फारच झालं. बाख कुठे गेला?

मंद्रसप्तक

जनक हा शब्द मागे घेतो. साम्मार्तिनी ध्यानात होता, पण ओघात लिहून गेलो.

हात धुतले मात्र मान्य नाही. आधीच्या बहुतेक सिम्फनी म्हणजे ऑपेराच्या पडद्याआधीचं वाजवणं किंवा मेजवानीतली सोबत. लोक बोलतायत, ताटं वाजतायत आणि कोपऱ्यात संगीत चालू. १७९० च्या दशकात लंडनमध्ये लोक तिकीट काढून, गप्प बसून हायडनची सिम्फनी ऐकत होते. या दोन टोकांमधला रस्ता हायडन एकटा चालला असं मी म्हणत नाही, पण सगळ्यात लांब तोच चालला.

बाखबद्दल: थोर आहेच. पण १७७० मध्ये व्हिएन्नातल्या रसिकाला बाख विचारला असता तर त्याने मुलाचं नाव सांगितलं असतं, बापाचं नाही.

चेलोवाली

मी इथे जर्मनीत एका हौशी चौकडीत (दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून थोडी मोठी व्हियोला आणि चेलो; अशा चौघांसाठीच्या रचनेलाही चौकडीच म्हणतात) चेलो वाजवते. चौघांपैकी तिघं निवृत्त, मी एकटी नोकरीवाली, त्यामुळे तालमीला उशिरा येण्याबद्दल बोलणी मीच खाते. सिद्धांत मला फार कळत नाही, पण बोटांना जे कळलं ते सांगते.

आम्ही आधी एका जुन्या रचनाकाराचं काहीतरी वाजवत होतो. त्यात मला काम काय? पहिलं व्हायोलिन नाचतंय आणि मी खाली खर्ज धरून बसलेय, एका पानावर मोजून पाच-सहा वेगळे सूर. मग हायडनच्या ओपस २० (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक) मधली दुसरी चौकडी काढली, १७७२ ची. पान उलटलं आणि पहिल्याच ओळीत चाल मला! पहिलं व्हायोलिन चक्क गप्प. दुसरं व्हायोलिन वर साथ करतंय आणि व्हियोला माझ्या खाली खर्जाचं काम करतेय. माझ्या डाव्या अंगठ्याला घाम फुटला. आमचे व्हियोलावाले आजोबा इतके वैतागले, "हे माझं काम नाही" म्हणाले. मी म्हटलं, अडीचशे वर्षांपूर्वी सगळ्या चेलोवाल्यांनी नेमकं उलटं म्हटलं असणार.

चौघांना सारखा मान, हे हायडनचं खरं काम. पुढे सगळ्यांनी चौकडीत तेच केलं. बेथोव्हनने ओपस २० मधली पहिली चौकडी स्वतःच्या हाताने उतरवून काढली होती. पुढच्या शतकातला संगीतकार ब्राम्स, त्याच्याकडे तर ओपस २० ची मूळ हस्तलिखितंच होती. लोकांनी नुसतं ऐकून सोडून दिलं असतं तर एवढं जपलं असतं का?

सारंगीप्रेमी

@चेलोवाली ताई, वा! "अंगठ्याला घाम" वाचून तुमची तालीम डोळ्यासमोर आली.

थोडं अवांतर. या प्रिन्स निकोलाउसला बॅरिटोन नावाचं वाद्य वाजवायचा नाद होता (गाण्यातला आवाजाचा प्रकार नव्हे, वाद्य). चेलोसारखं पायांत धरायचं, गजाने वाजवायचं. पण मानेच्या मागून धातूच्या तारा जातात, त्या गजाच्या सुरांबरोबर आपोआप झंकारतात. म्हणजे चक्क तरफा! फरक एवढाच की आपली सारंगी तरफांना फक्त गुंजू देते. बॅरिटोनवाला मागून डाव्या अंगठ्याने त्या छेडतोही.

१७६५ मध्ये प्रिन्सने हायडनला लेखी ताकीद दिली की माझ्या वाद्यासाठी जास्त लिहीत जा. साहेबाची ताकीद, मग काय. हायडनने बॅरिटोन, व्हियोला आणि चेलो अशा तिघांसाठी १२६ रचना पाडल्या. आज ते वाद्य वाजवणारी माणसं शोधावी लागतात. नोकरीचे फायदे सांगताय तर हाही हिशोब मांडा: १२६ रचना अशा वाद्यासाठी, जे मालकाबरोबर गेलं.

मंद्रसप्तक

दंडवत. हे माझ्याच मुद्द्याला चांगलं भोक आहे, आणि ते बुजवता येणार नाही. बचाव एवढाच की त्या १२६ मध्ये प्रिन्सला झेपेल असं सोपं लिहूनही बाकी दोघांना काम द्यायचं, याचा रियाझ झाला असेल. पण हा बचाव लंगडा आहे, मलाही कळतंय.

बिनसाखरेचा_चहा

एवढा वेळ झाला आणि कुणी 'फेअरवेल' सिम्फनी काढली नाही? ती गोष्ट नोकरदारांच्या भिंतीवर फ्रेम करून लावण्यासारखी आहे.

१७७२. एस्टरहाझाचा हंगाम लांबत चाललेला. वादकांच्या बायकापोरांना तिथे राहायची परवानगी नाही, ती सगळी आयझेनश्टाटला, घराण्याच्या जुन्या ठिकाणी. माणसं कावलेली. हायडनने काय करावं? अर्ज नाही, शिष्टमंडळ नाही. ४५ वी सिम्फनी लिहिली. शेवटचा भाग धडाक्यात सुरू होतो, आणि संपणार संपणार वाटताना अचानक तुटतो. मग एक संथ, हळवी चाल. त्यात पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न आपापला छोटा तुकडा वाजवतात, पुढ्यातली मेणबत्ती विझवतात आणि वाद्य उचलून चालू लागतात. मग बसून नावाचं फुंकवाद्य वाजवणारा. मग बाकीचे एकेक. डबल बास सुद्धा (ते धूड घेऊन हळूच कसं जायचं कोण जाणे). शेवटी अंधारात दोन व्हायोलिनं उरतात, आवाज दाबलेली. एक वाद्यवृंदातला मुख्य व्हायोलिनवाला तोमासिनी, दुसरा हायडन स्वतः. प्रिन्स समजायचं ते समजला. दुसऱ्या दिवशी सामान बांधायचा हुकूम.

आमच्या साहेबांसमोर एकेक लॅपटॉप बंद करून उठायचा विचार आहे.

रविवारची_मिसळ

@बिनसाखरेचा_चहा, मीटिंगमध्ये करा, ऑनलाइन असेल तर सोपं पडेल.

गंभीरपणे: ही गोष्ट हायडनने म्हातारपणी चरित्रकारांना सांगितलेली आहे, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालू. पण कागदावर जे आहे ते गोष्टीपेक्षाही विचित्र आहे. सिम्फनीची पट्टी एफ शार्प मायनर. त्या काळात असल्या पट्टीत सिम्फनी कुणी लिहीत नसे. तेव्हाच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते, पट्टी बदलायची तर नळीचा वेगळा तुकडा बसवायचा. या पट्टीसाठी तुकडेच नव्हते, ते मुद्दाम करवून घ्यावे लागले. म्हणजे प्रिन्सला 'घरी जाऊ द्या' म्हणणारी रचना प्रिन्सच्याच खर्चाने. इथे मात्र मी मंद्रसप्तकांच्या बाजूला. खासगी धंद्यावर जगणारा संगीतकार असला हट्ट करूच शकला नसता.

केवडा

मी मोझार्टच्या बाजूची, आधीच सांगते. हायडन हुशार आहे, हसवतो, पण मोझार्ट जसा हृदयात हात घालतो तसं हायडनला जमलं नाही. 'प्रभाव' मोजायला बसलात तर ठीक, पण आज पुण्यात रिक्षात बसल्यावर कानात काय लावता? हायडन?

मंद्रसप्तक

केवडाताई, खरं सांगायचं तर कधी कधी हायडन. पण तुमच्या मोझार्टलाच साक्षीला बोलावतो.

हायडनच्या ओपस ३३ च्या सहा चौकड्या १७८१ च्या. त्या ऐकून मोझार्टने सहा चौकड्या लिहायला घेतल्या. चहाच्या कपासोबत सिम्फनी लिहून टाकणारा म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसाला या सहांना दोन वर्षांहून जास्त वेळ लागला. हस्तलिखितांत खाडाखोड आहे. १७८५ मध्ये छापल्या तेव्हा अर्पण केल्या हायडनला. तेव्हा अर्पणपत्रिका कुणा सरदाराच्या नावे लिहायची रीत होती, म्हणजे चार पैसे सुटायचे. मोझार्टला पैशांची ददात होती, तरी त्याने त्या एका संगीतकाराला वाहिल्या. पत्रात म्हणतो, हे माझे सहा मुलगे आहेत, दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीचं फळ. बाप जसा मुलांना जगात पाठवताना कुणा थोर मित्राच्या हवाली करतो तसे तुमच्या हवाली करतोय.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या चौकड्या ऐकून हायडन मोझार्टच्या वडिलांना म्हणाला, देवाला स्मरून सांगतो, माझ्या माहितीतल्या संगीतकारांत तुमचा मुलगा सगळ्यात मोठा आहे. हे बोलणारा त्या वेळी स्वतः युरोपातला सगळ्यात नावाजलेला संगीतकार होता. आपल्याकडे किती बुजुर्गांच्या तोंडून हे निघेल?

केवडा

हे पत्र माहीत नव्हतं. सहा मुलगे... बरं. एक पाऊल मागे. पण एकच.

दगडूशेठ_नाही

एस्टरहाझात कोंडलेला माणूस नावाजला कसा, हे कुणी सांगेल का? करारात तर नक्कल बाहेर द्यायची नाही असं होतं ना?

रविवारची_मिसळ

चांगला प्रश्न. आधी नकला चोरून जात होत्या. नक्कलनवीस हे तेव्हाचे पायरेटेड सीडीवाले. हायडनचं नाव इतकं खपायचं की दुसऱ्यांच्या रचनांवरही त्याचं नाव घालून विकत. 'ओपस ३' म्हणून हायडनच्या नावावर ज्या सहा चौकड्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं वाजल्या, त्या होफश्टेटर नावाच्या एका साधूच्या असाव्यात असं आता मानतात. 'हायडनची सेरेनेड' म्हणून जो गोड तुकडा ऐकायला मिळतो तो त्यातलाच.

मग १७७९ मध्ये करार नवा झाला आणि ते मालकीचं कलम गळालं. लगेच व्हिएन्नाच्या आर्टारिया प्रकाशनाशी व्यवहार सुरू. पॅरिसच्या एका संगीत संस्थेने सहा सिम्फनी मागवल्या (८२ ते ८७). स्पेनमधल्या कादिसच्या चर्चने गुड फ्रायडेसाठी, येशूच्या शेवटच्या सात वचनांवर, फक्त वाद्यांचं संगीत मागवलं. सात संथ भाग एकामागून एक, तरी लोक पेंगू नयेत, ही अट निभावणं सोपं नाही. म्हणजे माणूस दलदलीत आणि कागद सगळ्या युरोपात.

मंद्रसप्तक

आणि मग लंडन. १७९० मध्ये निकोलाउस वारला, वारसाला संगीतात रस नव्हता, त्याने वाद्यवृंद मोडला. हायडनला पेन्शन सुरू. झालोमोन नावाचा लंडनचा कार्यक्रमवाला थेट दारात येऊन उभा, चला म्हणाला. वयाच्या ५८ व्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला या माणसाने! निघताना मोझार्ट म्हणाला, तुम्हाला भाषा येत नाहीत, कसं होणार. उत्तर मिळालं, माझी भाषा सगळ्या जगाला कळते. पुढच्या वर्षअखेरीस मोझार्ट गेला, हायडन लंडनमध्येच होता.

दोन फेऱ्यांत बारा सिम्फनी. त्यातली ९४ वी 'सरप्राइज'. संथ चाल, हळू आवाजात, अजून हळू आवाजात, आणि धाडकन सगळा वाद्यवृंद. झोपलेल्यांना उठवायला केलं अशी आख्यायिका. हायडनने ती नाकारली. त्याचं कारण जास्त मानवी आहे: त्याचाच शिष्य प्लेयेल तेव्हा लंडनमध्ये प्रतिस्पर्धी मंडळींकडून उतरला होता, आणि गुरुजींना काहीतरी नवं करून बाजी मारायची होती.

आळशी_उंट

बेथोव्हनचं काय? तो तर म्हणे हायडनकडे शिकला आणि म्हणाला की काही शिकलो नाही.

चेलोवाली

तसं रीस नावाच्या बेथोव्हनच्या शिष्याने लिहून ठेवलंय खरं. १७९२ च्या शेवटी बेथोव्हन व्हिएन्नाला आला तो हायडनकडे शिकायलाच. बॉनहून निघताना काउंट वाल्डश्टाइनने त्याच्या वहीत लिहिलं, हायडनच्या हातून मोझार्टचा आत्मा घे. पण शिकवणीत हायडनचं लक्ष नव्हतं. अभ्यासाच्या वहीतल्या पुष्कळ चुका तशाच राहिलेल्या आहेत. (मीही क्लास घेत होते, दुसऱ्यांदा लंडनला जायची तयारी चालू असताना मीही वह्या तपासल्या नसत्या.) पहिल्या प्रकाशनांवर 'हायडनचा शिष्य' असं छापावं ही गुरूची इच्छा, बेथोव्हनने ती मानली नाही. तरी ओपस २ चे तीन पियानो सोनाटा हायडनलाच वाहिले.

माझ्या मते बेथोव्हन शिकवणीत नाही, चौकड्या उतरवून काढताना शिकला. छोटासा तुकडा घ्यायचा, तोच कुरतडत न्यायचा आणि त्यातून अख्खी इमारत उभी करायची, ही त्याच्या पाचव्या सिम्फनीतल्या चार सुरांची युक्ती हायडनच्या घरातली. फक्त हायडन त्यातून विनोद करतो आणि बेथोव्हन दार फोडतो.

१८०८ मध्ये हायडन थकला होता, खुर्चीतून उचलून त्याला सभागृहात आणलं. त्याचीच 'क्रिएशन' (बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीवरची, गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) चालू होती. 'प्रकाश झाला' या शब्दावर जिथे सगळा अंधार फुटून लखलखीत सी मेजर येतो, तिथे टाळ्या पडल्या. हायडनने वर बोट दाखवलं, तिथून आलं म्हणून. बेथोव्हनने वाकून त्या म्हाताऱ्याच्या हाताचं चुंबन घेतलं. "काही शिकलो नाही" म्हणणारा माणूस.

बिनसाखरेचा_चहा

आयला. हे वाचून अंगावर काटा आला.

खवचट_खापर

सगळं भावुक चाललंय म्हणून थोडं घाण कालवतो. हायडन १८०९ मध्ये गेला, व्हिएन्ना तेव्हा नेपोलियनच्या ताब्यात. अंत्यविधी घाईत. आणि रोझेनबाउम नावाच्या गृहस्थाने कबर खोदणाऱ्याला पैसे चारून चक्क डोकं पळवलं! कवटीच्या उंचवट्यांवरून प्रतिभा कळते असं एक खूळ तेव्हा जोरात होतं. १८२० मध्ये एस्टरहाझींनी शव आयझेनश्टाटला हलवायला कबर उघडली, तर आत धड आणि टोप. शोध सुरू झाला तेव्हा कवटी गादीत लपवून वर रोझेनबाउमची बायको आजारी म्हणून झोपली. मग प्रिन्सच्या गळ्यात दुसरीच कुणाची तरी कवटी मारली. खरी कवटी हाताहातांतून फिरत १९५४ मध्ये धडापाशी पोचली. बदली कवटी तशीच ठेवली. आज त्या समाधीत हायडन एक आणि डोकी दोन.

ह.घ्या. (हलके घ्या)

दगडूशेठ_नाही

जेवताना वाचलं. धन्यवाद.

हायडन मी रोज ऐकत नाही, पण फुटबॉलमुळे ऐकलाय. जर्मनीचं राष्ट्रगीत त्याचंच ना?

चेलोवाली

चाल त्याची. पण लिहिली ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी, १७९७ मध्ये. लंडनमध्ये इंग्रजांचं राजगीत ऐकून त्याला वाटलं, आपल्याकडे असं का नाही. जर्मनांचे शब्द नंतरचे, १८४१ चे. ऑस्ट्रियाने पुढे वेगळं गीत घेतलं आणि चाल शेजाऱ्याकडे राहिली.

ओपस ७६ मधल्या तिसऱ्या चौकडीत त्याने ही चाल वापरली आहे आणि तिथे तिला हात लावलेला नाही. चाल जशीच्या तशी. आधी पहिलं व्हायोलिन, मग दुसरं, मग चेलो, मग व्हियोला, शेवटी पुन्हा पहिलं. बदलतं ते भोवतालचं. आमचे व्हियोलावाले आजोबा ओपस २० बद्दल कुरकुरले होते, पण या पानावर डोळे मिटून वाजवतात. एकदा वाजवून झाल्यावर कुणीच काही बोललं नाही, मग त्यांनीच विचारलं, कॉफी ठेवू का.

जुनी_तबकडी

धागा फारच रंगलाय. थोडं आपल्या अंगणातलं: पोर्तुगीज काळात गोव्यात पॅरिशच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात आली. सेबास्टियन डिसूझांसारखे अरेंजर, अँथनी गोन्साल्विससारखे व्हायोलिन शिकवणारे (प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी) त्या परंपरेतले. लताबाईंच्या मुखड्यामागे व्हायोलिनं जी वेगळीच ओळ वाजवत असतात आणि तरी भांडण होत नाही, तिचं व्याकरण या व्हिएन्नावाल्यांचं. सलील चौधरींनी १९६१ मध्ये 'छाया' सिनेमात मोझार्टची ४० वी सिम्फनी उचलली ते सगळे सांगतात. मला ती उचलेगिरी तितकी मोठी वाटत नाही, त्या मागच्या ओळी मोठ्या वाटतात. त्या कुणाच्या आहेत हे पडद्यावर कधी आलंच नाही.

मंद्रसप्तक

@जुनी_तबकडी, यावर स्वतंत्र धागा काढाच. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

सगळ्यांचे आभार. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) दोघांनी विचारलं, सुरुवात कुठून करू. शंभरावर सिम्फनींत शिरायला नको. आधी ओपस ३३ मधल्या दुसऱ्या चौकडीचा फक्त शेवट ऐका. चाल संपते, टाळ्यांसाठी हात उचलावे तर पुन्हा एक तुकडा. थांबते. पुन्हा तुकडा. मग लांबलचक शांतता. आता नक्की संपलं म्हणावं तर चालीची सुरुवात, अगदी हळू, आणि तिथेच बंद.

आणि मग ६० वी सिम्फनी. एका विसरभोळ्या माणसाच्या नाटकासाठी लिहिलेली. शेवटचा भाग जोरात सुरू होतो आणि व्हायोलिनवाल्यांना 'आठवतं' की तार लावायचीच राहिली. भर मैफलीत वाजवणं थांबवून सगळे तार लावतात. हे स्वरलेखनात लिहिलेलं आहे.

आळशी_उंट

काल रात्री ६० वी मोठ्याने लावली. माझं लक्ष पंचमाकडे. शेवटी ते तार लावायला लागले तर स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मगापासून वाजवतायत आणि आत्ता लावतायत होय रे?"